डीएससीचं बटण नक्की काय बंद करतं

‘स्पोर्ट प्लस’ लावलं की ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा, सैल होतं, असा समज स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांत बराच पसरलेला आहे. बीएमडब्ल्यू एम२सारख्या गाडीत तरी तो चुकीचा ठरतो. तिथे इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची प्रत्येकाची सेटिंग वेगळी असते आणि गाडी ताळ्यावर ठेवणारी डीएससी (डायनॅमिक स्टॅबिलिटी कंट्रोल) यंत्रणा या सगळ्यांपासून वेगळी. इंजिन ‘स्पोर्ट प्लस’वर असताना डीएससी पूर्ण चालू असू शकतं. इंजिन सगळ्यांत शांत सेटिंगवर असताना ते पूर्ण बंदही असू शकतं. फोर्ड मस्टँगमध्ये मात्र ‘ट्रॅक’ मोड निवडला की स्टॅबिलिटी कंट्रोलचं वागणंही सोबतच बदलतं. म्हणून नाशिकमध्ये या मोडांचा अभ्यास करायला घेतला तेव्हा पहिलं काम कागदावरचं ठरलं: पुस्तिका उघडायची आणि कोणतं बटण कशाला हात लावतं याचा तक्ता करायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून थेट मैदानावर गेलं की गाडीने काय केलं आणि का केलं याचा मेळ लागत नाही.

यंत्रणा कळायला अवघड नाही. चारही चाकांपाशी वेग मोजणारे सेन्सर असतात. स्टिअरिंग किती वळवलंय हे सांगणारा एक सेन्सर असतो. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि बाजूला किती जोराने ओढली जातेय, हे मोजणारे आणखी दोन. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या अशा गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल मागच्या चाकांचा वेग पुढच्या चाकांशी ताडून बघतं. मागची चाकं जास्त फिरायला लागली की आधी इंजिनाचा जोर कमी होतो. ठिणगी जरा उशिरा पाडणं हा त्यातला झटपट उपाय, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटणं त्याहून संथ. एकच चाक घसरत असेल तर त्याला ब्रेकही लागतो. स्टॅबिलिटी कंट्रोलचा प्रश्न वेगळा असतो: ड्रायव्हरने स्टिअरिंगने मागितलेलं वळण आणि गाडीने घेतलेलं वळण यांत फरक किती? गाडीचं नाक बाहेर जात असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागची बाजू सुटत असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. बॉशच्या ईएसपीत, म्हणजे त्यांच्या स्टॅबिलिटी कंट्रोलमध्ये, ही तुलना सेकंदाला २५ वेळा होते. बॉश आणि मर्सिडीज यांनी ही यंत्रणा १९९५ साली एस क्लासमध्ये पहिल्यांदा आणली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत ए क्लास उलटली आणि त्यानंतर मर्सिडीजने त्या छोट्या गाडीतही ईएसपी सरसकट दिलं. सातपूरच्या एमआयडीसीत ज्या बॉशची पाटी आपण वर्षानुवर्षं बघतो, तीच ही कंपनी.

आता मोडांकडे. टायर थोडा घसरल्याशिवाय पूर्ण पकड देत नाही. कोरड्या डांबरावर साधारण १० ते १५ टक्के घसरणीला पकड सगळ्यांत जास्त मिळते, त्यापुढे ती कमी होत जाते. डीएससी पूर्ण चालू असताना कॉम्प्युटर त्या शिखराच्या बराच अलीकडे थांबवतो, कारण ड्रायव्हर नवखा आहे आणि रस्ता ओला आहे असंच त्याने धरलेलं असतं. एम डायनॅमिक मोड, म्हणजे एमडीएम, टायरला शिखराच्या जवळ जाऊ देतो. मागची बाजू थोडी हलते, ती सावरायला ड्रायव्हरला वेळ मिळतो, आणि त्याने सावरलं नाही तर मग कॉम्प्युटर मध्ये पडतो. मोड पकड वाढवत नाही. मदत किती उशिरा येणार, एवढंच तो ठरवतो. आमच्या मते एम२मधली सगळ्यांत विचारपूर्वक केलेली सेटिंग ही एमडीएमच आहे, आणि चांगल्या ड्रायव्हरलाही तिच्यापुढे जायची गरज क्वचितच पडते.

‘डीएससी ऑफ’ निवडल्यावरसुद्धा सगळं बंद होत नाही, हे नीट लक्षात घ्यावं. एबीएस चालूच राहतं. मागच्या दोन चाकांत जोर वाटणारं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल लॉक होत आणि सुटत राहतं. एम ड्राइव्ह प्रोफेशनल असलेल्या गाडीत ऑफनंतरच एम ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या उघडतात. म्हणजे गाडी फिरली तर सावरायला कोणी नाही, पण मागच्या चाकांच्या घसरणीला मर्यादा आपण ठरवलेली. मर्सिडीज-एएमजी जीटी आरमध्ये अशाच नऊ पायऱ्या आहेत. तिथे पहिली पायरी ओल्या रस्त्यासाठी आणि नववी सगळ्यांत जास्त घसरू देणारी. दुसऱ्या गाडीत हा क्रम उलटा असू शकतो, त्यामुळे एका गाडीतली आकड्यांची सवय दुसरीत नेऊ नये. पोर्शमध्ये पीएसएम (त्यांचं स्टॅबिलिटी कंट्रोल) बंद करूनही एबीएस लागेल इतक्या जोरात ब्रेक दाबला तर ते ब्रेकिंगपुरतं मदतीला परत येतं. ट्रॅकवर वळणाच्या तोंडाशी हे कळलं की माणूस गोंधळतो, म्हणून आधीच वाचलेलं बरं.

मैदानावर जाण्याआधी टायर. इथे घाई केली तर पुढचं सगळं निरीक्षण चुकतं. एम२ला पुढे २७५/३५ आर१९ आणि मागे २८५/३० आर२० असे टायर येतात. हिशोब केला तर पुढच्या चाकाचा व्यास सुमारे ६७५ मिलिमीटर आणि मागच्याचा ६७९. हा फरक गाडीला माहीत असतो. पण पंक्चरनंतर मागचा एकच टायर नवा घातला आणि दुसरा निम्म्याहून जास्त झिजलेला तसाच ठेवला, तर काय होतं? एकाची नक्षी ७.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याची २ असेल तर व्यासात ११ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे सुमारे १.६ टक्के. लहान चाक कायम जरा जास्त वेगाने फिरतं. कॉम्प्युटरला ती घसरण वाटते. सरळ रस्त्यावर, सारख्या वेगात डीएससीचा दिवा उगाच लुकलुकला किंवा वळणात जोर मध्येच कमी झाल्यासारखा वाटला, तर सेन्सरच्या मागे लागण्याआधी चारही टायरची नक्षी मोजावी. मागचे दोन टायर जोडीनेच बदलावेत, एकाच बनावटीचे.

हवा दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. मैदानावर टायर तापले की दाब ४ ते ६ पीएसआय वाढतो, तेव्हा मध्येच हवा काढून ‘बरोबर’ करायला जाऊ नये. व्हील अलाइनमेंट झाल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगावं. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग तिरकं राहत असेल, तर ड्रायव्हर वळण मागतोय असा कॉम्प्युटरचा समज होऊ शकतो. पुष्कळ ठिकाणी अलाइनमेंट छान होते आणि हे एक काम राहून जातं.

तापमानाचा मुद्दा नाशिक जिल्ह्यात गंमत म्हणून सोडून देण्यासारखा नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एकेरी आकड्यात उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले आकडे पेपरात रोज छापून येतात. या गाड्यांचे उन्हाळी टायर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक पडायला लागतात. थंडीत पहाटे निघून पिंपळगावच्या दिशेने गाडी काढली, तर रस्ता कोरडा असूनही पहिले काही किलोमीटर मागची बाजू हलकी वाटते आणि दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा दिवा लुकलुकतो. त्यात द्राक्षबागांतून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांची माती महामार्गावर सांडलेली असते. दव पडलं की तिचा निसरडा लगदा होतो. अशा वेळी डीएससी पूर्ण चालू ठेवावं आणि इंजिन ‘एफिशिएंट’वर.

सराव सार्वजनिक रस्त्यावर करायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, ते कलम निघण्याआधी वाचावं. मोठी सोय हवी असेल तर इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे, ११.३ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाचं. धुळे, शिरपूर, सेंधवा करत नाशिकहून सुमारे चारशे किलोमीटर. पण मोड समजायला इतक्या वेगाची गरजच नाही. औद्योगिक वसाहतीतलं, मालकाच्या लेखी परवानगीने मिळालेलं काँक्रीटचं आवार पुरतं.

मोजमाप असं ठेवलं: ३० मीटर व्यासाचं वर्तुळ, रस्त्यावर ठेवतात तसे शंकू लावून, आणि बाहेर चहूबाजूंनी किमान २० मीटर मोकळी जागा. म्हणजे ७० बाय ७० मीटरचं आवार. त्यात खांब, कठडा, उभा ट्रक असं काही नको. पाण्यासाठी टँकर. वर्तुळाभोवती सहा मीटर रुंद पट्टा ओला करायचा तर एक मिलिमीटर थराला साधारण ५६५ लिटर पाणी लागतं. प्रत्यक्षात बरंच पाणी वाहून जातं आणि उन्हात पट्टा भराभर सुकतो, म्हणून पुन:पुन्हा मारावं लागतं. त्याआधी एकदा आवार झाडून धुवून घ्यावं. धूळ आणि पाणी यांचा चिखल झाला तर पकड पावसाच्या रस्त्यापेक्षा फारच कमी होते आणि त्यावरून काढलेले अंदाज घाटात उपयोगी पडत नाहीत.

पहिला प्रयोग सरळ रेषेत. ओल्या पट्ट्यावर पहिल्या गिअरमध्ये १० किमीच्या वेगाने चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. डीएससी पूर्ण चालू असताना आवाज अडखळतो, टॅकोमीटरचा काटा वर जायचा थांबतो, दिवा लुकलुकतो, गाडी सरळ जाते. एमडीएममध्ये काटा आधी उसळी मारतो, मागची बाजू हातभर सरकते आणि मग आवाज दबतो. एम२मध्ये घसरणीची मर्यादा इंजिनाच्याच कंट्रोल युनिटमध्ये बसवलेली आहे, म्हणून हा दबाव मऊ आणि झटपट येतो. जुन्या गाड्यांमध्ये तो दणका दिल्यासारखा येई. या प्रयोगात डोळा समोर असावा, पण कान इंजिनाकडे. दिवा बघून शिकलेलं रस्त्यावर कामी येत नाही, कारण वळणात दिव्याकडे बघायला सवड नसते.

मग एका बाजूची चाकं ओल्यावर आणि दुसऱ्या बाजूची कोरड्यावर ठेवून तेच करायचं. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लागतो आणि डिफरन्शिअल लॉक व्हायला लागलं की जोर कोरड्या बाजूकडे जातो, त्यामुळे स्टिअरिंग ओल्या बाजूकडे ओढल्यासारखं होतं. पांढऱ्या पट्ट्यांवर हेच घडतं. ओल्या रस्त्यावर गतिरोधकाआधीच्या जाड रंगाच्या पट्ट्यांवरून जाताना डावं चाक रंगावर आणि उजवं डांबरावर असेल, आणि त्याच क्षणी रेस दिली, तर गाडी क्षणभर तिरकी होते. नाशिकमध्ये हे पट्टे पावलोपावली आहेत.

वर्तुळावर मात्र खरं कळतं. १५ मीटर त्रिज्येवर ओल्या काँक्रीटला घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर गाडी सुमारे ३१ किमी वेगाला सुटते. कोरड्यावर ०.८५ धरला तर सुमारे ४० ला. फरक फक्त ९ किमीचा, आणि तोच घाटातल्या वळणावर कठडा आणि दरी यांच्यातला फरक असतो. २० वर सुरुवात करून वेग हळूहळू वाढवत न्यायचा. २८-३० च्या सुमारास पुढची चाकं बाहेर सरकायला लागतात. स्टिअरिंग हलकं होतं, अजून वळवलं तरी गाडी ऐकत नाही. इथे प्रत्येकाचा हात आणखी वळवायला जातो. उलट करावं: स्टिअरिंग किंचित सोडावं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचलावा, म्हणजे पुढच्या टायरांना पुन्हा पकड मिळते. डीएससी पूर्ण चालू असेल तर त्याने तोवर इंजिनाचा जोर काढून घेतलेला असतो आणि आतल्या मागच्या चाकाचा ब्रेक गाडीला आत ओढायला लागलेला असतो. सीटमधून तो ओढा जाणवतो, कानाला ब्रेकच्या पंपाची गुरगुर ऐकू येते.

त्याच वर्तुळावर २५ किमीला ॲक्सिलरेटर एकदम दाबला की मागची बाजू सुटते. डीएससीत हे जेमतेम जाणवतं. एमडीएममध्ये गाडी ठरावीक कोनापर्यंत वळते, तिथे बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो आणि ती ताठ होते. या वेळी हाताने उलटं स्टिअरिंग दिलेलं असेल तर गाडी सरळ होताच तेही लगेच सोडलं पाहिजे. हात अडकून राहिला तर गाडी दुसऱ्या बाजूला झटका मारते आणि तो दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. पहिल्या घसरणीत वाचलेली गाडी या उलट्या झटक्यात आपटू शकते. आणि एमडीएम त्यातून वाचवेलच, याची खात्री नसते, कारण वाचवायला शेवटी टायरच लागतो.

पाय अचानक काढण्याचा प्रयोगही करावा. वळणात रेसवर असताना पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा अडथळा त्यांना जवळजवळ ब्रेकसारखा धरतो. याच वेळी कॉम्प्युटर स्वतःहून इंजिनाचा जोर थोडा वाढवतो, चाक अडकू नये म्हणून. ओला कसारा घाट किंवा सिन्नरचा मोहदरी घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना हे काम सतत चालू असतं आणि कोणाला कळतही नाही. डीएससी बंद केलं की याचाही भरवसा धरू नये.

ब्रेक तापतात, हे विसरलं जातं. कॉम्प्युटर वारंवार मागच्या चाकांना ब्रेक लावत असेल तर मागचे पॅड ड्रायव्हरने ब्रेक न दाबताही झिजतात. काही फेऱ्यांनंतर गाडी सावकाश चालवून थंड करावी आणि थांबल्यावर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवावी.

नाशिकचे रस्ते धरून सेटिंग ठरवताना आम्ही स्टिअरिंगवरचं एम१ बटण पावसासाठी ठेवलं: इंजिन ‘एफिशिएंट’, सस्पेन्शन ‘कम्फर्ट’, डीएससी पूर्ण चालू. ‘स्पोर्ट प्लस’मध्ये पायाच्या थोड्या हालचालीला थ्रॉटल जास्त उघडतो, ओल्यात ते नको. शेजारच्या दुसऱ्या बटणावर (त्याचंही नाव एम२च) एमडीएम, फक्त बंदिस्त जागेसाठी. ते चुकून लागू नये म्हणून गाडी बटण पुन्हा दाबायला लावून खात्री करून घेते, ही चांगली सोय आहे. शहरात पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे. पाथर्डी फाट्यावर कोरडा असलेला रस्ता घोटीच्या पुढे वाहताना दिसतो, म्हणून मोड निघताना लावून विसरण्यात अर्थ नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरी आणि कसाऱ्याच्या मधला बोगदा साडेसात किलोमीटरहून लांब आहे. आत कोरडं, दिवे लख्ख, आणि बाहेर पडताच पाण्याचा पडदा. तोंडाशी येण्याआधी वेग उतरवावा. पाटीवरची वेगमर्यादा कोरड्यासाठी आहे असं समजून चालावं, कारण ३३ पीएसआयचा झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर ९५ किमीच्या आसपास तरंगायला लागू शकतो. तरंगणाऱ्या टायरला ब्रेक लावून कोणताही कॉम्प्युटर काही साधू शकत नाही. नव्या पोर्श ९११मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. ते उडणाऱ्या पाण्यावरून रस्ता ओला असल्याचं ओळखतात आणि ‘वेट’ मोड लावायला सुचवतात. लावायचं मात्र ड्रायव्हरनेच.

सार्वजनिक रस्त्यावर डीएससी सैल करायचं एकच सबळ कारण आम्हाला सापडलं: चिखल. गंगापूर धरणाकडच्या एखाद्या कच्च्या पार्किंगमध्ये मागची चाकं रुतली की ट्रॅक्शन कंट्रोल जोर इतका काढून घेतं की गाडी जागची हलत नाही. तेव्हा ते बंद करावं, दुसऱ्या गिअरमध्ये हलकी रेस द्यावी, चाक सावकाश फिरू द्यावं. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबावं, नाहीतर चाक आणखी खोल जातं. डांबर लागताच डीएससी परत चालू. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की ते आपोआप चालू होतं.

आणि दिव्याचं वाचन. लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे यंत्रणा काम करतेय. ‘ऑफ’ लिहिलेला स्थिर दिवा म्हणजे आपण बंद केलेली. ‘ऑफ’ नसलेला स्थिर दिवा म्हणजे बिघाड. बॅटरी काढून जोडल्यावर तो लागला असेल तर पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवलं किंवा थोडं सरळ चालवलं की जातो. पावसाळ्यात लागला तर चाकाजवळच्या सेन्सरवरची माती आणि त्याची वायर बघावी, शेतघरी उभ्या राहणाऱ्या गाडीत ती उंदरांनी कुरतडलेली निघते. तो दिवा जळत असताना स्टॅबिलिटी कंट्रोल नाही असं धरून, कोणताही मोड न बदलता, वर्कशॉपपर्यंत सावकाश जावं.